गाडीखाली जॅक नेमका कुठं लावायचा? नवीन गाडीवाल्यांसाठी सगळं सविस्तर

सोलापुरात आता घरोघरी गाड्या झाल्यात, जुळे सोलापूर असो नाहीतर होटगी रोड, प्रत्येक दारात एखादी स्विफ्ट, वॅगनआर नाहीतर नेक्सॉन उभी दिसते, आणि नवीन चालवणाऱ्याला क्लच, गिअर, रिव्हर्स सगळं शिकवलं जातं पण जॅक कुठं लावायचा हे कुणीच दाखवत नाही. मग एखाद्या रात्री टेंभुर्णीच्या अलीकडं टायर बसतो, मागून ट्रक सणसणत जात असतात, घरातली माणसं रस्त्याकडेला उभी असतात, आणि मोबाईलच्या उजेडात गाडीखाली जे काय लोखंड दिसेल त्याला जॅक टेकवला जातो. सगळा घोळ तिथंच होतो. चुकीच्या जागी लावलेला जॅक एकतर पत्रा आत दाबतो, नाहीतर ऑइलचा चेंबर फोडतो, नाहीतर गाडी अर्ध्या उंचीवर गेली की निसटतो, आणि तेव्हा हात नाहीतर पाय खाली असला तर काय होईल ते सांगायची गरज नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की हा लेख वाचून झाला की मोबाईल खिशात ठेवा आणि टायर चांगला असताना, दिवसाउजेडी, घरासमोर आपल्या गाडीच्या चारही जागा हातानं चाचपून बघून घ्या. एकदा बोटांना ती जागा कळली की रात्री अंधारातही सापडते.

जॅकची जागा म्हणजे काय, आणि ती ठरलेलीच का असते

आपल्या बहुतेक गाड्या, म्हणजे अल्टो, स्विफ्ट, वॅगनआर, आय ट्वेंटी, टियागो, नेक्सॉन, क्रेटा, या सगळ्या मोनोकॉक असतात. याचा अर्थ त्यांना ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते, वेगवेगळे पत्रे दाबून, वेल्डिंग करून जोडलेला सांगाडा हीच गाडीची ताकद. आता या सांगाड्यात सगळीकडं सारखा जोर नसतो. तुमच्या पायाखालचा फ्लोअरचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, त्यावर जॅकचं बोटभर डोकं टेकवून पाना फिरवला तर गाडी उचलायच्या आधी पत्राच वर येतो. पण दाराच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी लांब पट्टी जाते तिथं आतला आणि बाहेरचा पत्रा एकमेकांवर दाबून जोडलेले असतात. कापडाची कड दुमडून शिवली की ती कशी जाड आणि ताठ होते, तसंच ते. त्या पट्टीतसुद्धा कंपनी चारच ठिकाणी आतून जास्तीचा पत्रा टाकून मजबुती देते, दोन पुढच्या चाकांच्या मागं आणि दोन मागच्या चाकांच्या पुढं. त्या चार जागा म्हणजे जॅकच्या जागा. बाकीची पट्टी दिसायला तशीच असली तरी तिथं वजन दिलं तर ती वाकते, आणि पट्टी वाकली की वरचा रनिंगचा, म्हणजे दाराखालच्या लांब भागाचा, पत्राही ओढला जातो, मग डेंटरकडं गाडी दोन दिवस.

बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर यांचं गणित वेगळं आहे, त्यांना खाली खरी चॅसी असते. त्यांच्याबद्दल पुढं बोलतो.

घरी बसून जागा शोधायची पद्धत

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा. जुनी सोलापुरी चादर असेल तर खाली टाका आणि पुढच्या चाकाच्या मागं, दाराच्या खाली गुडघ्यावर बसा. या पहिल्या वेळी जॅक लावायचाच नाही, फक्त हात लावायचा. पुढच्या चाकाच्या पोकळीपासून मागं साधारण एक वीतभर अंतरावर पट्टीच्या खालच्या काठावरून बोट फिरवत जा. बऱ्याच गाड्यांत त्या काठावर दोन छोट्या खाचा लागतात, बोटाचं टोक अडकेल एवढ्या, आणि त्या दोन खाचांच्या मधला जो तुकडा आहे तोच जॅकचा. काही गाड्यांत खाचा नसतात पण पट्टीवर छोटा बाण नाहीतर त्रिकोण दाबलेला असतो. ज्या गाड्यांना खाली काळं प्लास्टिकचं क्लॅडिंग असतं त्यांच्यात कधी प्लास्टिकवरच बाण असतो आणि खरी पट्टी त्याच्या आत दोन बोटं लपलेली असते, तेव्हा वाकून टॉर्च मारून बघा, बाहेरून दिसणाऱ्या प्लास्टिकला जॅक लावला तर प्लास्टिक फुटतं आणि जॅक घसरतो.

आपल्याकडं एक अडचण हमखास येते, ती म्हणजे चिखल. शेतात नाहीतर वस्तीवर गाडी नेणाऱ्यांच्या गाडीखाली काळी माती अशी बसलेली असते की खाचा पार बुजून जातात, वाळल्यावर ती दगडासारखी होते. काहींनी गाडी घेतानाच खालून अंडरबॉडी कोटिंग मारून घेतलेलं असतं, त्याच्या थरानंही खाच भरते. ब्रश घ्या, पाण्याचा प्रेशर मारा, पट्टी स्वच्छ करा आणि मग परत बोट फिरवा. खाच सापडली की तिच्या बरोबर वर, रनिंगच्या कडेला, पांढऱ्या ऑइल पेंटचा एक बारीक ठिपका देऊन ठेवा. दिसायला फारसं दिसत नाही पण रात्री टॉर्च मारल्यावर लगेच नजरेत येतो. चारही जागांना द्या.

हे करताना अजून एक बघायचं, गंज. गाडी जुनी असेल, दहा-बारा वर्षांची, तर पट्टी हातानं दाबून बघा, नखानं खरवडून बघा. पत्र्याचे पापुद्रे निघत असतील, लालसर भुगा पडत असेल तर त्या जागी जॅक लावू नका, आधी डेंटरला दाखवा. सेकंड हॅन्ड गाडी बघायला गेलात तरी या चार जागा जरूर बघा, पट्टी चेपलेली, वाकलेली दिसली तर त्या गाडीला कुणीतरी चुकीचा जॅक लावलाय हे लगेच कळतं, आणि तिथला रंग उडून गंज धरला असेल तर भावात घासाघीस करायला तेवढंच कारण.

आणि हो, डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल. ते प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच काढलं नसेल तर आज काढा, टायर बदलण्याच्या पानावर तुमच्याच गाडीचं चित्र असतं आणि जॅकच्या जागा बाणानं दाखवलेल्या असतात. मित्र काय म्हणतो, यूट्यूबवाला काय म्हणतो यापेक्षा ते चित्र खरं. इथं मी जे सांगतोय तेही त्या चित्राशी पडताळून घ्या.

जिथं जॅक अजिबात लावायचा नाही

इथं जरा थांबून वाचा, कारण बहुतेक नुकसान इथं होतं.

पहिला नंबर ऑइलच्या चेंबरचा. पुढून वाकून बघितलं की इंजिनाखाली तो छान सपाट, जाडजूड दिसतो आणि नवख्याला वाटतं हीच जागा. तो चेंबर म्हणजे ऑइल साठवायचं भांडं आहे, कुठं पातळ पत्र्याचं असतं तर कुठं ॲल्युमिनियमचं, गाडीचं वजन घ्यायला ते बनवलेलंच नाही. पत्र्याचा असेल तर आत चेपतो आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीला अडथळा होतो, ॲल्युमिनियमचा असेल तर सरळ तडकतो. गिअरबॉक्सचंही तेच. रेडिएटरच्या खालची पट्टी, बंपर, सायलेन्सरचा पाईप, पेट्रोलची टाकी, यांच्यावर तर अजिबातच नको.

दुसरा नंबर लोअर आर्मचा, आणि हे खूप लोक करतात कारण चाकाच्या जवळ एक मजबूत लोखंडी हात दिसतो. तो मजबूत आहे यात वाद नाही, पण तो हलता भाग आहे, गाडी वर जाईल तसा त्याचा कोन बदलत जातो आणि जॅकचं डोकं हळूहळू कडेला सरकतं. शिवाय त्याच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे सगळीकडं वळणारा सांधा, आणि त्याचं रबर असतं, ते फाटलं की आत धूळ जाते आणि थोड्याच दिवसांत खडखड चालू. स्टिअरिंगचा रॉड तर बारीकच असतो, त्याला हातही लावू नका.

मागच्या बाजूला दोन चाकांना जोडणारा आडवा बीम दिसतो, छोट्या गाड्यांत हाच असतो. गॅरेजमध्ये त्याखाली ट्रॉली जॅक, म्हणजे चाकांवर सरकणारा हायड्रॉलिकचा जॅक, लावून मागची बाजू उचलताना तुम्ही बघितलं असेल, पण बऱ्याच कंपन्या सस्पेन्शनच्या कुठल्याही भागाला जॅक लावू नका असंच सांगतात, त्यामुळं मॅन्युअलमध्ये परवानगी दिसली तरच. टोइंगचा हुक हा ओढण्यासाठी आहे, उचलण्यासाठी नाही.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर आणखी सांभाळायचं. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीत बॅटरीचा मोठा पॅक फ्लोअरच्या खालीच बसवलेला असतो, खालून बघितलं तर सपाट पाटासारखा दिसतो आणि म्हणूनच जॅक लावायचा मोह होतो. त्या आवरणाला जॅकचा नुसता धक्काही लागता कामा नये. फक्त कडेच्या ठरलेल्या जागा, दुसरं काही नाही, आणि ट्रॉली जॅकचं डोकं मोठं असेल तर ते आत बॅटरीपर्यंत पोचत नाही ना हे आधी बघून घ्यायचं.

कुठला जॅक कुठल्या गाडीला

गाडीबरोबर जो कात्रीसारखा उघडणारा जॅक येतो त्याला लोक नावं ठेवतात, पण छोट्या गाडीसाठी रस्त्यावर तोच सगळ्यात योग्य. त्याच्या डोक्यावर एक लांब खाच असते आणि पट्टीचा काठ त्या खाचेत बरोबर बसतो, पट्टीच्या दोन खाचांमधला तुकडा त्याच मापाचा असतो. म्हणजे जॅक आणि जागा एकमेकांसाठीच बनवलेत. एका गाडीचा जॅक दुसऱ्या कंपनीच्या गाडीला वापरला की हीच खाच जुळत नाही, मग पट्टी तिरकी बसते.

बाटली जॅक, म्हणजे हायड्रॉलिकचा उभा, तो स्वस्तात मिळतो म्हणून लोक घेऊन डिकीत टाकतात. त्याची अडचण उंचीची. पूर्ण बसलेला असतानाही तो साधारण १५ ते १८ सेंटिमीटर उंच असतो, स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटर, आणि टायर बसल्यावर गाडी आणखी खाली आलेली. मग तो पट्टीखाली जातच नाही, आणि जात नाही म्हणून माणूस जिथं जागा मिळेल तिथं, कुठं फ्लोअरला, कुठं आर्मला लावतो. शिवाय त्याचं डोकं गोल आणि गुळगुळीत, त्यात पट्टी बसायला खाच नाही. बोलेरो, पिकअप यांच्यासाठी तो ठीक, हॅचबॅकसाठी नको असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रॉली जॅक घरी काम करणाऱ्यांसाठी चांगला, २ टनाचा छोट्या गाडीला भरपूर झाला कारण तुम्ही एका वेळी एकच कोपरा उचलता. पण त्याच्या लोखंडी वाटीत पट्टी थेट ठेवली तर पट्टीचा काठ चेपतो, म्हणून मधोमध खाच पाडलेला जाड रबराचा पॅड वापरा. पॅड नसेल तर जाड रबराच्या ठोकळ्याला पंक्चरवाल्याकडून खाच पाडून घेता येते. खाच एवढी खोल हवी की वजन पट्टीच्या धारेवर न येता पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर यावं.

चॅसीवाल्या गाड्यांचं थोडक्यात. पुढं जॅक लावायचा तो चाकाच्या मागं चॅसीच्या जाड डांबाला, बॉडीच्या पट्टीला नाही, आणि पायरीला म्हणजे साइड स्टेपला तर मुळीच नाही. मागं बोलेरोला पाटे म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असतात, तिथं हौजिंगच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या जाड, नळीखाली, पाट्यांच्या जवळ, ज्या बाजूचं चाक काढायचं त्या बाजूला. त्या नळीच्या मधल्या गोळ्याखाली एकटा बाटली जॅक लावला तर गाडी डावी-उजवी डोलते, रस्त्यावर ते नको.

जमीन कशी आहे ते आधी बघा

वरची जागा अगदी बरोबर निवडली आणि खालची चुकली तरी गाडी पडते. सोलापूर जिल्ह्यात याकडं जास्तच लक्ष द्यावं लागतं. आपली काळी माती पावसात लोण्यासारखी होते, जॅकचा तळ सरळ आत जातो, आणि एका बाजूनं जास्त गेला की जॅक तिरका. उन्हाळ्यात तीच माती वरून टणक दिसते पण आत भेगा असतात, वजन आलं की कड ढासळते. साइडपट्टीवरची मुरुमाची भर पण दिसते तेवढी दाबलेली नसते. त्यामुळं टायर बसला की हळूहळू, पाच-दहाच्या स्पीडनं, इंडिकेटर लावून, डांबर नाहीतर काँक्रीट मिळेपर्यंत गाडी पुढं न्या. टायर खराब होईल, रिमलाही थोडं लागेल, पण मऊ जमिनीवर गाडी उचलण्यापेक्षा ते परवडलं. हायवेवर असाल तर हॉटेलच्या नाहीतर पंपाच्या आवारात जाता आलं तर उत्तमच.

डिकीत एक फळी कायमची ठेवा, साधारण एक फूट बाय एक फूट, बाभळीची दीड-दोन इंच जाडीची असेल तर अजून चांगली, जाड प्लायही चालेल. जॅकचा तळ तिच्या बरोबर मध्यावर. मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ अंश तापमान असतं तेव्हा डांबरही मऊ पडतं, तेव्हाही फळी लागतेच. विटा रचून त्यावर जॅक ठेवायचा नाही, वीट आडवी चिरते आणि चिरताना आवाजही देत नाही.

घरासमोर शहाबादी फरशी असेल तर तिथंही फळी. फरशीच्या खाली कुठं पोकळी असेल तर जॅकच्या छोट्या तळाखाली फरशी तडकते, आणि तडकली की एक बाजू खचते. पेव्हर ब्लॉकचंही तसंच, एखादा ब्लॉक एकटाच दबतो.

उतारावर शक्यतो उचलूच नका. तुळजापूरच्या घाटात टायर गेला तर घाट उतरून सपाट जागा गाठा.

आता प्रत्यक्ष उचलायचं

गाडीतून सगळ्यांना उतरवा, लहान मुलांना रस्त्याच्या विरुद्ध बाजूला, गाडीपासून लांब उभं करा. इंजिन बंद, हजार्ड लाइट चालू, मागं भरपूर अंतरावर लाल त्रिकोण, हायवेवर निदान पन्नास पावलं. ऊसाच्या सीझनमध्ये मोहोळ, पंढरपूर बाजूला रात्री ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉल्या चालतात, त्यांना ब्रेक मारायला अंतर लागतं आणि त्यांचे लाइटही नेहमी धड नसतात, त्यामुळं त्रिकोणात कंजूषी नको.

हँडब्रेक आणि गिअर दोन्ही लावायचे, एक लावून भागत नाही, आणि याचं कारण समजून घ्या. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना असते आणि हँडब्रेक मागच्या चाकांना. पुढचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळं, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरमुळं, ते मोकळं फिरू शकतं, आणि मग गिअर असूनही जमिनीवरचं दुसरं चाक सरकू शकतं, तेव्हा गाडी फक्त हँडब्रेकवर उभी असते. मागचं चाक उचललं तर हँडब्रेकची अर्धी पकड गेली, तेव्हा गिअरचा आधार लागतो. शिवाय जे चाक उचलणार त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून दगड लावा. ऑटोमॅटिक असेल तर पी वर टाका, पण त्याला गिअरइतकंच समजा, हँडब्रेक आणि दगड तरीही हवेत.

स्टेपनी आणि सगळं सामान आधीच बाहेर काढा. अर्टिगा, इनोव्हा अशा गाड्यांत स्टेपनी बाहेरून खाली लटकलेली असते, ती गाडी उचलायच्या आधी खाली उतरवून घ्यायची. सीएनजी गाडीत स्टेपनी आणि जॅक कुठं ठेवलाय हे घरीच बघून ठेवा, सगळ्यांत सारखं नसतं, आणि काही नवीन गाड्यांत तर स्टेपनीच नसते, नुसतं पंक्चर किट असतं.

मग नट ढिले करायचे, चाक जमिनीवर असतानाच, अर्धा आटा फक्त. गाडी उचलल्यावर पान्यावर जोर मारला तर तोच जोर जॅकला बसतो. नट फार घट्ट असतील तर पान्यावर उडी मारण्यापेक्षा लोखंडी पाईप घालून लांबी वाढवा.

आता जॅक. फळी, तिच्यावर जॅक, गाडीच्या काटकोनात, हँडल बाहेर. डोकं हातानंच फिरवून वर आणा, पट्टी डोक्याच्या खाचेत शिरेपर्यंत. इथं परत खाली वाकून बघा. पट्टी खाचेत पूर्ण बसली पाहिजे, दोन खाचांच्या मध्ये पाहिजे, आणि जॅक समोरून आणि बाजूनं दोन्हीकडून सरळ उभा दिसला पाहिजे. एका गॅरेजमधले एक वयस्कर अण्णा नवीन पोरांना एकच गोष्ट परत परत सांगायचे, "पयला ताण आला की थांब की, खाली बघ, मग फिरव." मला यापेक्षा चांगला नियम माहीत नाही. पाना फिरवून गाडीनं नुकतं वजन दिलं, टायर अजून जमिनीवर आहे, तेव्हा थांबायचं आणि बघायचं. जॅक कलतोय का, फळी एका बाजूनं दबतेय का, पत्र्याचा करकर आवाज येतोय का. काहीही वेगळं वाटलं की खाली घ्या आणि परत लावा, या टप्प्यावर चूक सुधारायला काही लागत नाही.

टायर इतका बसलाय की जॅकही आत जात नाही, असं झालं तर दुसरी जागा शोधू नका. इंच-दीड इंच जाडीची दुसरी फळी बसलेल्या टायरसमोर ठेवा आणि गाडी हळूच त्या फळीवर चढवा, तेवढ्यानं पट्टी वर येते.

ट्रॉली जॅक वापरत असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या, त्याचा हात गोलाईत वर जातो, सरळ नाही, म्हणून वर जाताना जॅक स्वतःच चाकांवर थोडा पुढं सरकतो आणि तो सरकायलाच पाहिजे. त्याच्या चाकांसमोर खडा, फरशीची फट, फळीची कड आली तर जॅक अडकतो आणि त्याऐवजी वरचं डोकं पट्टीवरून घसरतं. म्हणून ट्रॉली जॅक फक्त स्वच्छ काँक्रीटवर, आधी झाडू मारून.

चाक जमिनीपासून दोन-तीन बोटं सुटलं की बास. नवीन हवा भरलेल्या टायरला थोडी जास्त उंची लागते, तेवढी द्या, उगाच वर नेऊ नका, जितकं वर तितकं डगमग जास्त. स्टेपनी गाडीखाली, जॅकच्या जवळ, रनिंगच्या खाली आडवी सरकवून ठेवा, चाक काढल्यावर ते तिथं सरकवा आणि स्टेपनी बाहेर घ्या. जॅक निसटलाच तर गाडी त्या चाकावर थांबते. चाक हबला चिकटून बसलं असेल तर लाथा मारून, हिसके देऊन काढू नका, सगळी गाडी जॅकवर हलते. नट परत हातानं लावा, अर्धा आटा ढिले ठेवा, गाडी खाली घ्या, वजनानंच चाक सुटतं बहुतेक वेळा. चाक धरताना दोन्ही बाजूंनी धरा, टायरच्या खाली बोटं घालू नका.

नवीन चाक लावून नट हातानं फिरवा, मग पान्यानं हलके आवळा, गाडी खाली उतरवा आणि मग पूर्ण आवळा, समोरासमोरचे नट आळीपाळीनं. सोलापुरातून निघून पंढरपूरला पोचलात की गाडी थंड झाल्यावर एकदा परत पाना लावून बघा, ५० ते १०० किलोमीटरनंतर नट थोडे ढिले झालेले असू शकतात.

गाडीखाली शिरायचं असेल तर

चाक बदलणं वेगळं आणि गाडीखाली जाऊन काम करणं वेगळं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं, छाती, हात काहीही घालायचं नाही, मग तो जॅक कितीही नवीन असो. हायड्रॉलिक जॅकमध्ये वजन धरून ठेवतं ते आतलं तेल आणि एक छोटं रबरी सील, ते सील गेलं की गाडी खाली येते, आणि ते कधी जाईल हे बाहेरून दिसत नाही.

त्यासाठी जॅक स्टँड, म्हणजे उचललेल्या गाडीचं वजन धरून ठेवणारे लोखंडी स्टँड, लागतात, जोडीनं घ्या. इथं सगळ्यांनाच एक प्रश्न पडतो की पट्टीवरची जागा तर जॅकनं घेतली, मग स्टँड कुठं लावायचा? उत्तर असं की मॅन्युअलनं परवानगी दिली असेल तर ट्रॉली जॅक पुढच्या क्रॉस मेंबरच्या, म्हणजे खालच्या आडव्या जाड पट्टीच्या, मध्याला लावून दोन्ही चाकं एकदम उचलायची, आणि मग पट्टीच्या दोन ठरलेल्या जागांखाली दोन स्टँड, दोन्ही एकाच खाचेवर म्हणजे एकाच उंचीवर. स्टँडच्या डोक्यावरही खाचेचा रबर हवाच. हळूहळू जॅक सोडून वजन स्टँडवर द्या, बाहेर उभं राहून गाडीला कंबरेनं धक्का देऊन बघा, स्टँड जागचे हलले नाहीत तरच खाली जा. आणि जॅक काढून टाकू नका, तिथंच हलका टेकवून ठेवा.

काम झालं की पट्टीवर जॅक बसला होता ती जागा बघा. रंग उडाला असेल तर पुसून, वाळवून टचअप पेंट नाहीतर रेड ऑक्साइड मारा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज चालू होतो. कात्री जॅकच्या स्क्रूला बोटभर ग्रीस लावून, एकदा पूर्ण उघडून, परत बंद करून डिकीत घट्ट बसवा म्हणजे खडखडणार नाही. पंक्चर काढून झालं की त्याच दिवशी स्टेपनीत हवा भरून घ्या, किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.